खताच्या गोणीतला डॉलर : रुपया-डॉलर दराचा इतिहास आणि आपली भातशेती



दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कडावला खरीपपूर्व बैठक होती. बियाणे, बीजप्रक्रिया, राब हे विषय आटोपून खतांवर आलो, तेव्हा मागे बसलेले एक काका उठून म्हणाले, "साहेब, यंदा पोटॅश सोडून देतो. दुकानदार सांगतो डॉलर वाढला म्हणून महागलं. आमच्या दीड एकर भाताचा नि डॉलरचा काय संबंध?" सगळे हसले. मीही हसलो आणि "सोडू नका, अर्धी तरी मात्रा द्या" एवढे सांगून पुढच्या विषयाकडे वळलो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, कारण ते दोन मिनिटांत देता येण्यासारखे नव्हते.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानंतर त्यांचे खाचर पाहिले. निम्मे भात लोळलेले होते आणि लोंब्यांत पळिंज बरेच होते. एकट्या पोटॅशचा तो दोष नव्हता. युरियाही हात सैल सोडून पडला होता. पण स्वस्त म्हणून युरिया जास्त आणि महाग म्हणून पोटॅश शून्य ही जोडी आपल्या भागात सगळीकडे दिसते, आणि तिच्या मागे रुपया-डॉलरचा पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. काकांचे राहिलेले उत्तर म्हणून हा लेख.

आधी गोणीचा हिशेब

म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपले एमओपी, जवळपास संपूर्ण आयात होते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल हे विकणारे देश. सौदा टनावर आणि डॉलरमध्ये होतो. एका टनात ५० किलोच्या २० गोण्या बसतात. म्हणून टनाच्या डॉलरमधल्या दराला २० ने भागले, की एका गोणीत किती डॉलर आहेत ते कळते.

२०२५ मध्ये भारतीय आयातदारांनी एमओपीचा करार टनाला ३४९ डॉलरने केला. म्हणजे गोणीला १७.४५ डॉलर, साधारण साडेसतरा. आता डॉलर एक रुपयाने महागला की गोणी आपोआप साडेसतरा रुपयांनी महागते. खाणीतल्या मालकाने दर वाढवलेला नसतो, बोटवाल्यानेही नाही, तरी महागते. डॉलर ८३ रुपये असताना ही गोणी बंदरात १४४८ रुपयांना पडते, आणि ९० रुपये झाला की १५७० ला. वर हमाली, गोणपाट, रेल्वे, ट्रक आणि विक्रेत्याचे कमिशन.

हीच साडेसतरा डॉलरची गोणी आपण बरोबर घेऊन मागच्या काळात जाऊ. त्या काळात पोटॅशचा डॉलरमधला दर आजच्यापेक्षा खूप कमी होता, हे लक्षात असू द्या. पण आपल्याला फक्त रुपया किती घसरला ते पाहायचे आहे, म्हणून गोणीतले डॉलर तेवढेच ठेवू.

१९४७ : एक रुपया म्हणजे एक डॉलर नव्हता

दर पंधरा ऑगस्टला मोबाइलवर एक संदेश फिरतो, की स्वातंत्र्याच्या वेळी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. हे खरे नाही. त्या काळी रुपया डॉलरला नव्हे तर इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये आणि वर एक तृतीयांश. एक पौंड तेव्हा सुमारे ४.०३ डॉलरचा. भागाकार केला की डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास येतो. आपली गोणी त्या दराने ५८ रुपयांची.

या १ शिलिंग ६ पेन्सवर त्या काळी मोठा वाद झाला होता. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळे मत नोंदवून दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे रुपया थोडा स्वस्त, ठेवावा असा आग्रह धरला. रुपया महाग ठेवला तर परदेशी जाणाऱ्या कापसाचे, धान्याचे रुपयातले भाव पडतात आणि मार शेतकऱ्याला बसतो, हा त्यांचा मुद्दा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही याच आयोगापुढे साक्ष दिली होती आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्या वादात शेतकरी हा माल विकणारा होता. आज कडावचा शेतकरी डॉलरच्या बाजारात मुख्यतः विकत घेणारा आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

आपल्या जिल्ह्याचाही या कथेशी थेट संबंध आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे देशोदेशींच्या चलनांचे दर कसे ठरवायचे यासाठी परिषद भरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते. तिथे ठरलेल्या पद्धतीनुसार रुपयाची किंमत डॉलरच्या आणि सोन्याच्या हिशेबात लिहिली गेली.

सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. रुपया पौंडाला बांधलेला असल्याने तोही तेवढाच उतरला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैसे झाला. आपली गोणी ८३ रुपये. पुढची जवळपास सतरा वर्षे हा दर हलला नाही.

१९६६ : दुष्काळ आणि अवमूल्यन

१९६५-६६ ला देशभर पावसाने दगा दिला. अमेरिकेचा गहू पीएल-४८० योजनेखाली बोटींनी येत होता. मिलोची भाकरी खाल्लेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत, त्यांना विचारा. त्या आधी पाकिस्तानशी युद्ध झालेले, परकीय मदत आटलेली. अशा वेळी ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा दर ४.७६ वरून थेट ७.५० रुपये केला. गोणी १३१ रुपये.

पीएल-४८० च्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत देत होतो. खताचे मात्र डॉलरमध्ये द्यावे लागत. त्याच सुमाराला तायचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८ या बुटक्या जाती येत होत्या, आणि त्या जाती खताशिवाय उत्पन्न देणाऱ्या नव्हत्या. म्हणजे देशाला खताची गरज वाढली आणि बाहेरून आणायचे खत रुपयात दीडपटीहून महाग झाले, हे दोन्ही एकदमच घडले. देशात खत कारखाने उभारण्याची घाई पुढे इतकी का झाली, त्याचे एक कारण इथे सापडते.

सत्तरच्या दशकाबद्दल थोडक्यात. १९७१ मध्ये ब्रेटन वुड्सची पद्धत मोडली, रुपया काही काळ पुन्हा पौंडाला बांधला आणि सप्टेंबर १९७५ पासून अनेक चलनांच्या टोपलीला. १९८० मध्ये डॉलर आठ रुपयांच्या आतच होता. मात्र १९७४ मध्ये तेलाच्या भडक्याने खते एकदम महागली, रुपया फारसा न हलता. म्हणजे गोणी महागण्याची कारणे दोन आहेत : एक जगातला भाव, दुसरा रुपयाचा दर. दोन्ही वेगवेगळे चालतात.

१९९१-९२ : पोटॅश इथे हरवले

१९९० मध्ये डॉलर सरासरी साडेसतरा रुपये होता. आखाती युद्ध झाले, तेल महागले, परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोने गहाण ठेवावे लागले. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. डॉलर २१ वरून सुमारे २६ रुपयांवर गेला. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोपवला तेव्हा तो ३१ च्या पुढे होता. आपल्या गोणीचे १९९० च्या दराने ३०५ रुपये होतात आणि १९९३ च्या दराने ५४८. अवघ्या तीन वर्षांत एवढा फरक.

ही वाढ भरून द्यायला सरकारकडे पैसा नव्हता. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांचे दर ४० टक्के वाढवले, ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली. युरिया टनाला २३५० रुपये होता तो ३०६० झाला. वर्षभरानंतर, २५ ऑगस्ट १९९२ ला, स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचे दरनियंत्रण उठवले. युरियाचे मात्र ठेवले, उलट त्याचा दर १० टक्के उतरवून २७६० केला. देशात तयार होणारे खत स्वस्त राहिले आणि डॉलर देऊन आणायचे खत बाजारावर सोडले गेले.

परिणाम त्याच वर्षी दिसला. १९९१-९२ मध्ये देशात सुमारे १३.६ लाख टन पालाश वापरले गेले होते, १९९२-९३ मध्ये ते ८.८ लाख टनांवर आले. नत्र-स्फुरद-पालाश यांचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते ते ९.५ : ३.२ : १ झाले.

आता हा हिशेब जरा शांतपणे बघा, कारण माझ्या मते सगळ्या लेखात हाच महत्त्वाचा आहे. नियंत्रण उठण्यापूर्वी एमओपी टनाला १७०० रुपये होते. त्यात ६० टक्के पालाश, म्हणजे पालाश किलोला २ रुपये ८३ पैसे पडायचे. त्याच वेळी युरियातले नत्र किलोला ६ रुपये ६५ पैसे. पालाश नत्राच्या निम्म्याहून स्वस्त होते. आज युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात २०.७ किलो नत्र, म्हणजे किलोला सुमारे १२ रुपये ८७ पैसे. एमओपीची गोणी १७०० रुपये धरली तर तिच्यात ३० किलो पालाश, किलोला जवळपास ५७ रुपये. जे निम्म्याहून स्वस्त होते ते आता चौपटीहून महाग आहे.

भाताला यातले काही माहीत नाही. त्याला १९९१ मध्ये जेवढे पालाश लागायचे तेवढेच आजही लागते.

त्यानंतरची घसरण

२००० ते २०१० या काळात डॉलर बहुतेक ४५ च्या आसपास राहिला. २००७ च्या अखेरीस तर तो ४० रुपयांच्याही खाली आला होता, तेव्हा रुपया वधारला म्हणून निर्यातदार तक्रार करत होते. २०१३ च्या ऑगस्टअखेर तो ६८ च्या वर गेला, २०२२ च्या ऑक्टोबरात ८३ ला पोहोचला आणि २०२५ च्या डिसेंबरात नव्वदी ओलांडली. आपली गोणी ४५ च्या दराने ७८५ रुपये आणि ९० च्या दराने १५७०, बरोबर दुप्पट.

असे का होते याची कारणे अनेक आहेत, पण मुख्य कारण साधे आहे. आपल्याकडे महागाई अमेरिकेपेक्षा सातत्याने जास्त राहिली आणि देश विकतो त्याहून जास्त माल विकत घेतो, तेलापासून खतापर्यंत. रुपया घसरणे म्हणजे देशाची नाचक्की, असे मी मानत नाही. पण घसरणीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे शेतकऱ्याला माहीत असायला हवे.

जगातला भाव आणि रुपयाचा दर यांच्या चालीतला फरकही ओळखून ठेवा. २०२१ मध्ये २८० डॉलर असलेले एमओपी युद्ध आणि निर्बंधांमुळे २०२२ मध्ये ५९० डॉलरवर गेले, आणि २०२४ मध्ये पुन्हा २८० च्या आसपास आले. भाव नदीच्या पुरासारखा चढतो आणि उतरतो. रुपया मात्र एकदा खाली गेला की थोडाफार सावरतो, पण जुन्या दरावर परत येत नाही. म्हणून "डॉलर उतरला की खत घेऊ" असे म्हणून थांबणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. जगातला भाव उतरल्यामुळे गोणी स्वस्त होऊ शकते, रुपयामुळे क्वचितच.

मग युरिया आणि डीएपीचे दर का वाढत नाहीत?

डॉलर त्यांच्यातही आहे, फक्त तो दुसरे कोणी भरते. युरिया आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ थळला तयार होतो, तरी त्याचा कच्चा माल म्हणजे नैसर्गिक वायू, आणि वायूचा दर, मग तो देशातला असो की बोटीतून आलेला, डॉलरमध्ये ठरतो. रुपया घसरला की थळचा युरियाही बनवायला महागतो. तुम्हाला दिसत नाही, कारण विक्रीदर बांधलेला आहे आणि फरक केंद्र सरकार भरते.

डीएपीचेही तसेच. स्फुरदासाठी लागणारा खडक आणि आम्ल मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून येते, बरेच तयार डीएपीही बाहेरून येते. गोणी तुम्हाला १३५० रुपयांना मिळते. २०२५ च्या खरिपासाठी सरकारने जे अन्नद्रव्यनिहाय अनुदान ठरवले त्यानुसार डीएपीच्या एका गोणीवर सुमारे १३९० रुपये अनुदान बसते, म्हणजे तुम्ही देता त्याहून जास्त. गोणीवर छापील किंमत आणि अनुदान दोन्ही लिहिलेले असते, एकदा चष्मा लावून वाचा.

पालाशची गोष्ट उलटी आहे. २०२२ च्या खरिपात एका किलो पालाशवर २५ रुपये ३१ पैसे अनुदान होते. २०२३ च्या रब्बीपासून ते २ रुपये ३८ पैशांवर आले आणि २०२५ च्या खरिपातही तेवढेच होते. गोणीला हिशेब केला तर अवघे ७१ रुपये. जगातला भाव उतरला म्हणून अनुदान कमी केले, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे झाले असे, की तिन्ही खतांपैकी फक्त पोटॅशच्या गोणीत डॉलरची हालचाल थेट तुमच्यापर्यंत येते. काकांना दुकानदाराने सांगितले ते खोटे नव्हते.

विकताना डॉलर कुठे जातो?

रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात. मग आपल्या भातालाही मिळायला नकोत का? आंध्र, छत्तीसगडचा बिगर-बासमती तांदूळ काकीनाड्याहून बोटीत चढतो, तिथल्या बाजाराला थोडा फायदा होतोही. कर्जत-३ किंवा कर्जत-७ चे आपले भात मात्र आधारभूत खरेदी केंद्रावर, स्थानिक गिरणीवर किंवा घरच्या कणगीत जाते. त्याचा दर दिल्लीत ठरलेल्या हमीभावाभोवती फिरतो. शिवाय निर्यातीचे दार सरकार हवे तेव्हा लावते. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली.

साध्या भाताचा हमीभाव १९९०-९१ मध्ये क्विंटलला २०५ रुपये होता, २०२५-२६ मध्ये २३६९. अकरा-साडेअकरा पट वाढला असे ऐकायला बरे वाटते. डॉलरमध्ये मोजला तर तेव्हा पावणेबारा, आता सत्तावीसच्या आसपास. आणि या पस्तीस वर्षांत खुद्द अमेरिकेतली महागाई धरली तर आपला क्विंटल जवळपास तिथल्या तिथेच आहे. खर्चाच्या बाजूला डॉलर येतो, पॉवर टिलरच्या डिझेलमधूनही येतो. उत्पन्नाच्या बाजूला तो दारातूनच परततो.

कडावच्या एका एकराचा हिशेब

कोकणातल्या सुधारित भात जातींना हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस आहे. एकरी ती ४०:२०:२० होते. सरळ खतांतून द्यायचे तर डीएपी सुमारे ४४ किलो, युरिया ७० किलो आणि एमओपी ३३ किलो लागते. वरच्या दरांनी डीएपीचे ११७५-११८०, युरियाचे ४१५ आणि एमओपीचे ११२० रुपये. तुमच्या दुकानातला छापील दर वेगळा असेल तर तो घाला. स्फुरद आणि पालाश पूर्ण चिखलणीच्या वेळी द्यावे. नत्र तीन हप्त्यांत विभागावे : ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटवे येताना, २० टक्के लोंबी धरण्याच्या सुमारास. १५:१५:१५ वापरत असाल तर १३३ किलोत तिन्ही अन्नद्रव्ये २०-२० किलो येतात आणि वर फक्त ४४ किलो युरिया लागतो. हे खत आता "भारत एनपीके" अशा गोणीत येते, कंपनीचे जुने नाव खाली लहान अक्षरांत असते, म्हणून नावावर न जाता आकडे वाचावेत.

या अकराशे रुपयांच्या पालाशची कामे काय? खोड टणक ठेवणे, पाण्याचा ताण सोसणे, पानात तयार झालेले अन्न दाण्यात नेणे. ते कमी पडले आणि नत्र जास्त झाले की पीक हिरवेगार दिसते, पण मऊ राहते. मग करपा, तपकिरी तुडतुडे, आणि परतीच्या पावसात लोळणे. हे नुकसान वर्षावर्षाला बदलते, म्हणून मी त्याचा आकडा देत नाही. तुमच्या लोळलेल्या कोपऱ्यातले भात वेगळे झोडून मापा, तुमचा आकडा तुम्हाला मिळेल.

आता पालाश न सोडता डॉलर कसा कमी करायचा ते पाहू. यासाठी सगळ्यात मोठा साठा तुमच्याच खळ्यावर आहे. भाताचे पीक जमिनीतून जेवढे पालाश उचलते त्यातले पाचात चार हिस्से पेंढ्यात राहतात, दाण्यात थोडेच जाते. एक टन पेंढ्यात साधारण १५ ते २० किलो पालाश असते. ५७ रुपयांच्या दराने ते ८५० ते ११४० रुपयांचे झाले. तबेल्यांसाठी पेंढ्याचा ट्रक भरून देता, तेव्हा व्यापारी तुम्हाला चाऱ्याचा भाव देतो, त्यातल्या पोटॅशचा देत नाही. पेंढा विकूच नये असे मी म्हणणार नाही, गरज असते. पण भाव ठरवताना हा आकडा डोक्यात असावा, आणि विकलेल्या प्रत्येक टनामागे पुढच्या खरिपात २५ ते ३३ किलो एमओपी विकत घ्यावे लागेल हे धरून चालावे.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत नेमके हेच बसवलेले आहे. हेक्टरी दोन टन पेंढा, म्हणजे एकरी आठ क्विंटल, पहिल्या नांगरणीच्या वेळी जमिनीत गाडायचा. त्यातून पालाशबरोबर सिलिकाही मिळते, ज्याने पान-खोड कडक होते. बांधावरच्या गिरीपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी ३० क्विंटल, एकरी १२, चिखलणीपूर्वी टाकायचा. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरांच्या जोडओळीत करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. ब्रिकेट एकरी सुमारे ७० किलो पुरतात. नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही, म्हणून कमी लागते. मात्र या ब्रिकेटमध्ये पालाश नसते. पेंढा गाडला नाही आणि फक्त ब्रिकेट टाकल्या तर पुन्हा काकांसारखीच गत. आपल्याकडे मजुरीची अडचण खरी आहे, जोडओळ लावायला बायका नाखूश असतात. तरी पहिल्या वर्षी पाच गुंठे करून बघायला हरकत नाही.

गुरे असतील तर पेंढा त्यांच्या पोटातून शेतात परत येतो, पण निम्माच. जनावराच्या पोटातले बहुतेक पालाश शेणातून नव्हे, मूत्रातून बाहेर पडते. गोठ्याची मोरी सरळ ओढ्याला सोडलेली असते, तिथे ते जाते. मोरीच्या तोंडाशी पेंढ्याचा चुरा किंवा कोरडी माती टाकून ती आठवड्याला उकिरड्यात ओढली तरी बरेच वाचते. त्याला एक पैसा लागत नाही.

साखर कारखान्यांच्या मळीपासून बनणारे पोटॅश, पीडीएम, हे देशी खत आता अनुदानात आहे. त्यात १४.५ टक्के पालाश असते. ५० किलोत सव्वासात किलो, म्हणजे एमओपीच्या गोणीच्या साधारण चौथा हिस्सा. त्यामुळे गोणीचा दर एमओपीच्या पावपटीहून जास्त असेल तर ते महाग पडते. खताच्या गोणीबरोबर एखादी बाटली किंवा दुसरी पिशवी गळ्यात मारली जाते तेव्हाही असाच हिशेब मागावा : यात किती किलो काय आहे? छापील किमतीहून जास्त देऊ नये आणि मशीनवर अंगठा लावला की पावती घ्यावी. जुन्या साठ्याच्या गोणीवर जुनी किंमत छापलेली असेल तर तीच लागू असते, डॉलर काल वाढला असला तरी.

राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. वर्षाला दोन पिके म्हणजे पालाशही दोनदा उचलले जाते, आणि दोन्ही वेळचा पेंढा बाहेर गेला तर जमीन झपाट्याने रिती होते. अशा खाचरांची माती उन्हाळी भाताच्या कापणीनंतर, पहिल्या पावसाआधी, तपासून घ्यावी. मृद आरोग्य पत्रिकेत पालाश भरपूर आले तर एखाद्या हंगामात मात्रा निम्मी करायला मीच सांगेन. कमी आले तर ३३ किलो सोडू नका.

खरिपाचे अनुदान दरवर्षी एप्रिलच्या सुमारास ठरते. त्या आठवड्यात दोन आकडे वहीत टिपून ठेवा : पालाशवर किलोला किती पैसे दिले, आणि त्या दिवशी डॉलर किती होता. ते घेऊन यंदाच्या बैठकीला या. काकांनाही बोलावले आहे. त्यांनी या वर्षी पेंढा विकलेला नाही, नांगराखाली घालायला ठेवला आहे, असे परवा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले.